बेगमी कोणी करायची?

मार्गशीर्ष लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या येरमाळ्याच्या शिवारातले रस्ते उघडतात. ज्या गाडीवाटेवरून श्रावणात मोटारसायकल ढकलत न्यावी लागते, तिच्यावरून आता ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जातात. वाट तीच असते आणि मातीही तीच. फक्त तिच्यातले पाणी आटलेले असते. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग तिला कसलाही भार पेलवत नाही; वाळली की मात्र ती टणक होते आणि काही टनांचे ओझे अंगावरून जाऊ देते. फाल्गुनापर्यंत ऊस कारखान्यांना जातो, चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या जत्रेला चहूबाजूंनी लोक येतात, वैशाखात शेणखत रानात पडते. मृगाचा एखादा जोरदार पाऊस झाला की हे सगळे रस्ते एका रात्रीत मिटतात.

येरमाळ्याला कोणी दुर्गम म्हणणार नाही. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग गावावरून जातो, बार्शीकडून कळंबकडे जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. रात्री दोन वाजताही इथे ट्रकची वर्दळ असते. पण महामार्ग सोडून शिवारात आत वळले, शेतवस्तीपर्यंत चालत गेले, की अंतराचा अर्थ बदलतो. तीन किलोमीटरवरच्या वस्तीला जुलैत गॅसची टाकी पोचवायची तर ती डोक्यावर घेऊन जावी लागते. दुर्गमता किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय आपण सोडली पाहिजे. जिथे जायला एकच वाट आहे, ती वाट ऋतूच्या मर्जीवर आहे आणि पलीकडे काहीही साठवलेले नाही, ती जागा दुर्गम. मग ती तालुक्याच्या ठिकाणापासून हाकेच्या अंतरावर का असेना.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या आदिवासी गावांची गोष्ट मला म्हणूनच परकी वाटत नाही. ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात तीस-एक गावे अशी आहेत, की त्यांना बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात दलदल आणि तळी, त्यामुळे जायचे तर विमानाने. हिवाळ्यात तळी आणि नद्या गोठतात तेव्हा त्यांच्यावरून तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते दरवर्षी नव्याने तयार केले जातात. तो रस्ता आपोआप होत नाही. बर्फाचा भुसभुशीत थर थंडी आत जाऊ देत नाही, म्हणून आधी हलकी वाहने फिरवून तो दाबतात किंवा बाजूला सारतात. खालचे पाणी उपसून वर पसरतात, म्हणजे ते गोठून जाडी वाढते. भोके पाडून ठिकठिकाणी जाडी मोजतात आणि ती जसजशी वाढेल तसतशी वजनाची परवानगी वाढवत नेतात: आधी छोट्या गाड्या, मग रिकामे ट्रक, शेवटी भरलेले टँकर. टँकरने हळूच चालायचे असते, कारण जड वाहनाच्या भाराने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि वेग वाढला तर तीच लाट पुढे जाऊन बर्फ फोडते.

या थोड्या आठवड्यांत वर्षभराचे डिझेल गावात पोचवायचे असते. अलीकडेपर्यंत वीज डिझेलच्या जनित्रावर होती, शाळा आणि दवाखान्याची ऊबही त्याच इंधनावर. म्हणून अशा गावांत डिझेलच्या मोठ्या टाक्या असतात आणि त्या भरल्या की नाहीत हा सगळ्या गावाचा प्रश्न असतो. त्याहून उत्तरेला, नुनावुत या प्रदेशातल्या पंचवीस गावांना एकमेकांशी जोडणारा रस्ताच नाही. तिथे समुद्रावरचे बर्फ वितळते त्या उन्हाळ्यात तेलाची जहाजे येतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा साठा करून जातात.

आता हवा बदलते आहे. २००६ सालच्या उबदार हिवाळ्यात कॅनडाच्या वायव्य प्रदेशातल्या हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा बर्फाचा रस्ता वेळेआधी बंद झाला आणि राहिलेले इंधन विमानाने न्यावे लागले. खाण कंपन्यांना तो खर्च परवडला. गावांचे तसे नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर ऑन्टारिओतल्या आदिवासी गावांच्या निश्नॉबे आस्की नेशन या संघटनेने हिवाळी रस्ते पुरेसे गोठले नाहीत म्हणून आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी वायव्य प्रदेशातल्या मॅकेन्झी नदीचे पाणी इतके खाली गेले की तिच्या काठच्या गावांना तराफ्यांनी होणारा पुरवठा रद्द झाला. म्हणजे एकीकडे बर्फ अपुरे, दुसरीकडे पाणी अपुरे. पाण्याअभावी पुरवठा तुटणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

आपल्याच देशात लडाख आहे. जोझिला खिंड पूर्वी हिवाळ्याचे पाच-सहा महिने बंद असे. तिथली तहसील असो की लष्कराची छावणी, दिवाळीच्या आधी रॉकेल, डिझेल, गॅस, धान्य साठवून ठेवणे हे त्यांच्या वर्षाचे मुख्य काम. सीमा सडक संघटनेच्या कष्टामुळे बंदचा काळ आता खूप आखूड झाला आहे. २०२५ साली ३२ दिवसांनंतर १ एप्रिलला रस्ता खुला झाला. तरीही साठा करणे कोणी सोडलेले नाही. तिकडच्या थंडीत साधे डिझेल टाकीत दाटून बसते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल लडाखसाठी आणले. मला यातली वृत्ती महत्त्वाची वाटते. इथला रस्ता बंद होणार आहे हे आधी मान्य केले, मग टाकी कुठे ठेवायची, तेल कोणते लागेल, भरायचे कोणी, हे सगळे प्रश्न सरळ मांडता आले.

आपण मराठवाड्यात हे मान्य करत नाही. आपला रस्ता कागदावर बारमाही असतो. कागदावर रस्ता बारमाही असला की त्याच्या पलीकडे साठा ठेवण्याची गरज कोणाला दिसत नाही.

पूर्वी ही गरज घराघराला दिसत होती. मे महिन्यात आमच्याकडच्या बाया पावसाळ्याचे जळण करत. वाळलेल्या गोवऱ्या रचून वरून शेणाने लिंपलेला हुडवा, छपराखाली तुराट्यांच्या आणि पळाट्यांच्या पेंढ्या, कोपऱ्यात बाभळीच्या ढलप्या. चार महिने चूल पेटली पाहिजे, हा हिशेब बाईच्या डोक्यात पक्का असे. ज्वारी पेवात असे, डाळी राखेत किंवा लिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या असत. या बेगमीला मी सुंदर म्हणणार नाही. तिच्यामागे बाईची पाठ मोडत होती आणि चुलीच्या धुराने तिचे डोळे आणि फुप्फुसे जात होती. गॅस आला हे फार चांगले झाले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांनी कधी गॅसची शेगडी पाहिली नव्हती त्यांच्याकडेही ती पोचली. हे मागे फिरवावे असे म्हणणारा माणूस चुलीपुढे बसलेला नसतो.

पण त्या बदलात एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. जळणाचा साठा अंगणातून उठला आणि कुठेतरी दूर गेला. उज्ज्वलाच्या बहुतेक घरांत एकच टाकी असते. दुसरी भरलेली टाकी हीच गॅसच्या काळातली बेगमी आहे, आणि नेमकी तीच गरिबाकडे नाही. टाकी संपली की नवी येईपर्यंत पुन्हा चूल. पण आता हुडवा रचलेला नसतो, तुराट्या रानातच यंत्राखाली जातात, आणि भर पावसात ओले सरपण पेटत नाही. जुनी बेगमी संपली, नवी आली नाही. मधल्या पोकळीत बाई उभी आहे.

डिझेलचेही तेच. बैल होते तेव्हा त्यांचे इंधन म्हणजे कडबा, आणि तो गंजीत घरचाच असे. आज पेरणी, मळणी, फवारणी, वाहतूक सगळे डिझेलवर आहे. ते आमच्या भागात मुख्यतः सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोंमधून येते. मुंबईहून पुण्यामार्गे हिंदुस्थान पेट्रोलियमची वाहिनी तिथवर आली आहे. पाकणीपासून पुढचा सगळा प्रवास टँकरचा. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत थोड्या दिवसांचे तेल असते आणि ते संपायच्या आत दुसरा टँकर येईल यावर सगळे चालते. खरे म्हणजे रस्ता हेच आता आपले कोठार आहे. ते चाकांवर फिरते आणि चाक थांबले की रिकामे होते.

चाक थांबल्यावर काय होते ते १ आणि २ जानेवारी २०२४ ला राज्याने पाहिले. भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली, तिच्या विरोधात ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघेनात. संध्याकाळपर्यंत शहरोशहरी पंपांवर रांगा लागल्या. केंद्राने वाहतूकदारांशी बोलून तरतूद लगेच लागू करणार नाही असे सांगितले आणि २ तारखेच्या रात्री प्रश्न मिटला. दोनच दिवस. रस्ते कोरडे, हवा स्वच्छ, पूल शाबूत, आणि तरी ही अवस्था.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर रस्तेही गेले. धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा आणि भूम भागात, एवढे पाणी आले की माणसे काढायला लष्कराचे हेलिकॉप्टर आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यावे लागले. सीना इतकी फुगली की सोलापूर–पुणे महामार्गावर लांबोटीजवळ वाहतूक थांबवावी लागली. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा. ज्या जिल्ह्यातून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरकडे पाण्याची रेल्वे गेली, तोच हा जिल्हा नऊ वर्षांनी पाण्यात बसला होता. त्या रेल्वेच्या वॅगन मुळात तेल वाहण्यासाठी बांधलेल्या होत्या. कोटा इथल्या कार्यशाळेत वाफेने धुऊन त्यांत पाणी भरले होते. बाहेरून आणल्याशिवाय जगता येत नाही अशी अवस्था एकदा आली की आणायची वस्तू बदलत राहते, टाकी तीच राहते.

यावर एक उत्तर नेहमी येते: रस्ते चांगले करा, साठ्याची गरजच उरणार नाही. रस्ते चांगले झालेच पाहिजेत. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने खडी फोडून, माती टाकून रस्ते केले. रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, पण सपाट भागात तिची अट पाचशे लोकवस्तीची होती. चाळीस-पन्नास माणसांची शेतवस्ती तिच्या हिशेबात कधीच आली नाही. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. त्याआधीपासून महसूल संहितेचे कलम १४३ आहे, १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. अडवलेली वाट तहसीलदाराला खुली करता येते. मात्र तक्रार भावाविरुद्ध किंवा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याविरुद्ध करावी लागते, म्हणून ती होत नाही. नांगराच्या एकेका तासाने गाडीवाट अरुंद होत जाते आणि गावनकाशावरची तुटक रेघ तेवढी शिल्लक राहते. शिवाय काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकून रस्ता टिकत नाही; बाजूला चर हवेत, ओढ्यावर मोरी हवी. हे काम पैशाचे आहे आणि कित्येक वर्षांचे आहे. तोवर दर वर्षी मृग येणारच.

आणि रस्ता झाला तरी बेगमी सुटत नाही, हे लडाखने दाखवले आहे. लडाखच्या वाटेवर २०२० मध्ये रोहतांगखालून अटल बोगदा खुला झाला, तरी पलीकडच्या खिंडी हिवाळ्यात मिटतातच.

बेगमी सार्वजनिक असू शकते हे महाराष्ट्र सरकारला माहीत नाही असे नाही. १९९५ च्या नवसंजीवन योजनेत पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांत धान्य आधीच नेऊन ठेवण्याची तरतूद आहे. गडचिरोलीत भामरागडची पर्लकोटा नदी पावसाळ्यात रस्त्यावर येते आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. तिथल्या पुरवठा यंत्रणेला मे महिन्याचा अर्थ नीट कळतो. मेळघाटात, नंदुरबारच्या धडगाव–अक्कलकुवा भागातही हे होते. त्यात उणिवा आहेत. धान्य उशिरा पोचते, गोदाम गळते. पण तत्त्व मान्य आहे: ऋतू रस्ता तोडणार असेल तर त्याआधी साठा करणे ही सरकारची जबाबदारी आहे, प्रत्येक घराची खाजगी काळजी नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की हे तत्त्व धान्यापाशी थांबवू नये आणि आदिवासी भागापाशीही थांबवू नये. तांदूळ वेळेत पोचला आणि तो शिजवायला जळण नसेल तर तरतूद अर्धीच राहिली.

साठा म्हटला की चोरी आली, भेसळ आली, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळले. रॉकेलची चोरी आणि भेसळ ते उघड करू पाहत होते. स्वस्त रॉकेलच्या सार्वजनिक पुरवठ्याभोवती या राज्यात किती क्रूर व्यापार उभा राहिला होता, ते त्या दिवशी सर्वांना दिसले. त्यांच्या मृत्यूची आठवण ठेवून कोणी साठ्याला घाबरत असेल तर ती भीती समजण्यासारखी आहे. पण त्या चोरीचे मूळ रॉकेल आणि डिझेलच्या भावातल्या तफावतीत होते. बाजारभावाने घेतलेले, गावासमोर मोजलेले, थोडेसे तेल पळवून कोणाला फार काही मिळत नाही.

आणि थोडेसेच लागते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार कोणत्याही भांड्यात हजार लिटरपेक्षा जास्त नसेल, तर एकूण अडीच हजार लिटरपर्यंत डिझेल ठेवायला परवाना लागत नाही. पेरणीच्या तोंडावर एका गावाला आठ-दहा दिवसांचा दिलासा द्यायला एवढे बरेच होते. ते विकायचे तर तेल कंपनीची डीलरशिप हवी. पण २०२३ पासून गावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांना पंपासाठी आणि गॅस वितरणासाठीही पात्र धरले आहे. जी सोसायटी पीककर्ज वाटते, खत ठेवते, जिच्या गोदामाची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्या गावाला माहीत असते, तिच्याकडे हे काम यावे. गॅसचे तर आणखी सोपे आहे. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या शेतवस्त्यांची यादी तलाठी आणि ग्रामसेवक बसल्या जागी करू शकतात. त्या यादीतल्या एकच टाकी असलेल्या घरांना दुसरी भरलेली टाकी मे महिन्यात अनामत न घेता द्यावी. खर्च सरकारने करावा. हा खर्च उधळपट्टी वाटतो त्यांनी पूर ओसरल्यावर होणाऱ्या मदतीच्या खर्चाशी तो ताडून पाहावा.

जवळ असलेली क्षमता काय करते याचे उदाहरण येरमाळ्यापासून फार लांब नाही. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी देशभर टँकर धावत होते, विशाखापट्टणमहून रेल्वेने ऑक्सिजन महाराष्ट्रात आणावा लागत होता. त्या काळात कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात बदल करून ऑक्सिजन तयार केला. देशातला तो असा पहिला प्रयोग होता. हजार किलोमीटरवरून येणाऱ्या गोष्टीचा एक छोटा भाग शेजारी तयार झाला. आज पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळतात. म्हणजे आमच्या उसाचा रस इंधन होऊन बाहेर जातो आणि त्या वाटेवर आम्ही फक्त ऊस पुरवणारे असतो.

गरज कमी करणे हीसुद्धा बेगमीच. उत्तर ऑन्टारिओतल्या चोवीस आदिवासी गावांनी मिळून वाटायनिकनेयाप ही वीजवाहिनी उभी केली, तिची निम्म्याहून अधिक मालकी स्वतःकडे ठेवली, आणि डिझेलच्या जनित्रांवर जगणारी गावे एकेक करून वीजजाळ्याला जोडली. बर्फ कधी गोठते याची चिंता त्यामुळे संपली नाही, पण ती पूर्वीइतकी जीवघेणी राहिली नाही. आमच्याकडे सौर कृषीपंप येत आहेत, वाशी–भूमच्या माळांवर पवनचक्क्या फिरत आहेत. त्या पवनचक्क्यांपर्यंत अवजड पाती नेणारे ट्रेलर जावेत म्हणून डोंगरात रुंद, पक्के रस्ते झाले आहेत. शेजारच्या वस्तीच्या वाटेला मात्र मुरूम मिळत नाही. भूम–वाशीकडच्या खव्याच्या भट्ट्या अजून लाकूड खातात. तिथे ऊर्जा दुसरीकडून आणायची सोय झाली, तर पावसाळ्यात अडकलेल्या दुधाचा खवा करून ते वाचवता येईल आणि झाडेही.

ऋतू सरकतो आहे, हे दोन्हीकडचे खरे संकट आहे. तिकडे बर्फ उशिरा धरते, इकडे परतीचा पाऊस लांबतो. दसऱ्यापर्यंत रान वापशावर येईल या हिशेबाने ऊसतोडीच्या टोळ्या आणि कारखान्यांचे गाळप ठरलेले असते. शेतात पाणी उभे राहिले की वाट उघडत नाही आणि ऊस निघत नाही. ज्यांच्या वर्षाचे वेळापत्रक ऋतूवर बांधलेले आहे, त्यांनी हातात थोडे जास्त ठेवायला हवे. पूर्वी घराघरांतली शहाणी बाई तसे ठेवत होती. तिने ते काम खाली ठेवले याचा मला आनंद आहे. पण ते उचलायला दुसरे कोणी पुढे आले नाही, आणि हे आपण गेली दहा वर्षे चालवून घेतले आहे.

१ मे रोजी महाराष्ट्रात ग्रामसभा होते. त्या दिवसापासून मृग साधारण पाच आठवड्यांवर असतो. त्या सभेत दरवर्षी तीन याद्या वाचल्या जाव्यात: पावसात कोणत्या वाटा मिटतात, त्यांच्या पलीकडे किती घरे आहेत, आणि त्या घरांत व सोसायटीत आज किती जळण आहे. आकडे कमी निघाले तर तहसीलदार आणि गॅस वितरकाला ते लेखी कळवायचे, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उत्तर मागायचे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. येरमाळ्याच्या पंचक्रोशीतल्या एखाद्या ग्रामपंचायतीने हे येत्या मे महिन्यात सुरू करावे.